नेढ्यानं शिवणारी सुई

माझ्यामुळे एकाच दिवशी अठरा निवृत्त शिक्षिकांच्या पाठी उघड्या पडल्या, आणि त्यात माझा काहीही वाईट हेतू नव्हता.

हेतू चांगलाच होता. माझे हेतू नेहमीच चांगले असतात, म्हणून तर घरातले लोक घाबरतात.

आमचं घर सक्करदऱ्याला. घराच्या पुढच्या खोलीत माझ्या सासूबाईंचं, म्हणजे सुनंदाबाईंचं, शिवणाचं दुकान. मी त्यांना आई म्हणते. एकतीस वर्षांपासून त्या फक्त ब्लाउज शिवतात. फ्रॉक नाही, परकर नाही, उशीचा अभ्रा तर नाहीच. पार मनीषनगरातून आणि लकडगंजातून बाया रिक्षा करून येतात, कारण आईंचा ब्लाउज परत आणावा लागत नाही. आई टेपनं माप घेतात, पण लिहीत नाहीत. बाई दारात दिसली की तिची छाती, कंबर, बाही आणि तिचं जावेशी कशावरून बिनसलं होतं, सगळं त्यांना जसंच्या तसं आठवतं. एकतीस वर्षांत एक ब्लाउज बिघडला म्हणून कुणी बोललेलं नाही. हे त्या स्वतः सांगत नाहीत, पण दुसरं कुणी सांगत असलं की मशीन थांबवून ऐकतात.

अशा सुरळीत चाललेल्या दुकानात मी लग्न होऊन आले. चार वर्षं शांत बसले. मग ऑनलाइन कोर्स लावला, वेबसाइट बनवायचा.

कोर्समध्ये बावीस धडे होते. सहा धडे झाले की माणूस स्वतःला इंजिनिअर समजायला लागतो म्हणतात. मी चौथ्यालाच समजायला लागले. "आई, आपल्या दुकानाची वेबसाइट बनवते," मी जाहीर केलं.

"काहून? बाया तर येऊनच राहिल्या," आई म्हणाल्या.

"डिझाइन निवडायला. तुम्ही तो फोटोंचा अल्बम दाखवता ना, त्याची पानं सुटली आहेत. वेबसाइटवर एकाखाली एक गळे लावू. बाई येईल, पाहील, क्लिक करेल. तिच्या नावावर गळ्याचं नाव नोंदलं जाईल. तुम्ही फक्त शिवायचं."

माझा नवरा प्रशांत चहा पीत होता. तो म्हणाला, "आई, हो म्हण. नाहीतर ही स्वयंपाकाची वेबसाइट बनवते."

साइट झाली. एकाखाली एक गळ्यांची यादी होती. नवीन फॅशनचे वर, जुने खाली. सगळ्यात वर डीप बॅक: पाठ जवळजवळ नाहीच, वर एक डोरी आणि डोरीला दोन लटकन. त्याच्या खाली साधा गोल गळा. मग चौकोनी, मग बोटनेक, असं करत शेवटी बंद गळा. आईंनी चष्मा लावून सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं हाय. पण हा बाण काहून फिरून राहिला? शिवणाच्या दुकानात बाणाचं काय काम?"

त्यांनी सहज म्हटलं होतं. पण माझ्या डोक्यात लख्ख दिवा लागला. बाण काढून तिथे सुई लावायची!

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पानावर माउसबरोबर जो बाण फिरतो तो कर्सर, आणि तो बदलता येतो. पानाची सजावट ज्या भाषेत लिहितात, त्या सीएसएसमध्ये एक ओळ लिहायची: कर्सर, पुढे चित्राचा पत्ता, स्वल्पविराम, ऑटो, अर्धविराम. झालं. बाणाऐवजी तुमचं चित्र फिरायला लागतं. मी आईंच्या डब्यातली सात नंबरची सुई पांढऱ्या कागदावर ठेवली, मोबाइलनं फोटो काढला आणि लावला. काही झालं नाही. बाण जिथल्या तिथे. फोटो दाराएवढा मोठा होता, आणि एवढा मोठा कर्सर ब्राउझर घेतच नाही. लहान केला. तरी बाणच! शेवटी कळलं की मी 'ऑटो' लिहायचं विसरले होते. चित्र उघडलं नाही तर काय दाखवायचं, हे सांगितल्याशिवाय ती ओळ चालतच नाही. ऑटो लिहिलं आणि पडद्यावर एक इवलीशी सुई सरसरत फिरायला लागली. मी यादीतले चार-पाच गळे क्लिक करून पाहिले. सगळे बरोबर नोंदले गेले.

मी आईंना हाक मारली. त्यांनी माउस हातात धरला. सुई उजवीकडे गेली, डावीकडे गेली.

"अव माय," आई म्हणाल्या, "माही सुई."

तो आवाज मला अजून आठवतो. चार वर्षांत माझ्या कुठल्याही गोष्टीवर आई इतक्या खूश झाल्या नव्हत्या. भरल्या वांग्यावरही नाही. त्या पाच मिनिटं नुसती सुई फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "पण बारीक हाय वं. मले धड दिसत नाही. मोठी कर थोडी. आन् धागा कुठाय?"

आईंनी मागितलं आणि मी दिलं नाही, असं होणं शक्यच नव्हतं. सुई तिप्पट उंच केली. नेढं वर, टोक खाली, हातानं शिवताना धरतो तशी उभी. (नेढं म्हणजे ज्यातून धागा ओवतात ते भोक. हे मी नवीन पिढीसाठी सांगते आहे. मलाही लग्नाआधी माहीत नव्हतं.) नेढ्यातून एक लाल धागा उजवीकडे लोंबत सोडला. काय देखणी दिसत होती! तिच्या देखणेपणात मी इतकी गुंतले की मोठी केल्यावर पुन्हा एकदा गळे क्लिक करून पाहायला हवेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात डाखोळे मॅडम आल्या.

डाखोळे मॅडम एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्याबरोबर त्याच शाळेच्या आणखी सतरा निवृत्त बाई. शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि या अठरा जणी स्टेजवर स्वागतगीत म्हणणार होत्या. मोरपंखी रंगाच्या सारख्या साड्या घेतल्या होत्या, ब्लाउजही सारखे हवे होते. "साधा गोल गळा. कोपरापर्यंत बाही. पाठ पूर्ण झाकलेली," मॅडमनी मला बजावलं. मॅडम चारचौघांत पुस्तकातलं मराठी बोलतात. "गीताच्या शेवटी आम्ही सगळ्या वळून संस्थापकांच्या तसबिरीला नमस्कार करणार आहोत. पाठ प्रेक्षकांकडे होईल. समजलं?"

समजलं होतं. तिथेच मी एका कागदावर 'गोल गळा, अठरा' असं लिहिलं असतं तर ही आठवण लिहायची वेळच आली नसती. पण आई आत चहा टाकायला गेल्या होत्या, माझ्याकडे वेबसाइट होती, आणि वेबसाइट असताना कागदावर लिहिणं म्हणजे घरात मिक्सर असताना पाट्यावर वाटणं.

"मॅडम, प्रत्येकीनं स्वतः क्लिक करायचं," मी म्हटलं. "मी नाव टाकते, तुम्ही गळा निवडा."

मॅडमनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. एकेक बाई पुढे आली. शेवटून दुसऱ्या होत्या भोयर बाई, सदुसष्ट वर्षांच्या, गणिताच्या. त्यांनी माउस धरला, चष्मा वर केला आणि विचारलं, "सुईचं टोक ठेवायचं ना गोल गळ्यावर?"

"हो बाई, बरोबर टोक," मी म्हटलं.

अठराच्या अठरा जणींनी सुईचं टोक अचूक गोल गळ्यावर ठेवून क्लिक केलं. प्रत्येक वेळी पानावर अक्षरं आली, 'धन्यवाद, आपली निवड नोंदवली आहे.' कुठली निवड, हे पान सांगत नव्हतं. निवडलेल्या गळ्यावर रंग कसा आणायचा ते पुढच्या धड्यात होतं.

चहा झाला, आईंनी फक्त मापं घेतली, आणि बाया गेल्यावर मी त्यांना यादी काढून दिली. आईंनी ती वाचली, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

"वैशाली, इथं डीप बॅक लिहिलं हाय वं. अठराच्या अठरा."

इथे मला थांबायला हवं होतं. मॅडम 'पाठ पूर्ण झाकलेली' म्हणाल्या ते याच कानांनी ऐकलं होतं. पण मला वाटलं, रांगेत उभ्या असताना त्यांनी यादी पाहिली असेल, आपसात कुजबुजल्या असतील, मन बदललं असेल. अठरा शिक्षिकांचं एकमत झालंय म्हणजे काहीतरी विचार करूनच झालं असेल. "आई, कॉम्प्युटर चुकत नाही," मी म्हटलं. "त्यांनी स्वतः क्लिक केलंय. माझ्यासमोर."

"डाखोळे मॅडमनं लटकन मागितले? मी एक डाव फोन करून इचारतो."

"नका आई! वाईट दिसेल. आपण त्यांचं वय काढतोय असं वाटेल. आता जमाना बदललाय. साठीनंतर बाईनं हौस करायची नाही का?"

आईंनी फोन केला नाही. मी शिकलेली म्हणून त्यांनी माझं ऐकलं. हे मी आज मुद्दाम सांगते आहे, कारण त्या दिवसानंतर मला जे काही भोगावं लागलं, त्यात सगळ्यात जास्त हेच टोचलं. ज्या बाईनं एकतीस वर्षांत कुणाचं ऐकून कात्री चालवली नाही, तिनं माझं ऐकून चालवली.

दहा दिवस मशीन चाललं. छत्तीस लटकन मी स्वतः बनवले. मोती ओवून, मोरपंखी आणि सोनेरी. इतके सुंदर झाले होते की प्रशांतनं एक जोडी गाडीच्या किल्लीला लावून मागितली.

ट्रायल गुरुवारी होती, मेळावा रविवारी. डाखोळे मॅडम पहिल्या आल्या, ब्लाउज घेतला आणि पडद्यामागे गेल्या. बाकीच्या बाहेर बाकावर, खुर्च्यांवर, काही उंबऱ्यावर. पडद्यामागून आधी काहीच आवाज आला नाही. मग बांगड्यांचा आला, कुणीतरी हात मागे नेऊन चाचपडतंय असा. मग पुन्हा काही नाही.

"सुनंदाबाई," मॅडम आतून म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "याच्या मागचं कापड कुठं आहे?"

आई उठल्या, पडद्याआड गेल्या. मी बाहेर उभी. लटकन एकमेकांवर आपटल्याचा बारीक आवाज ऐकू आला, आणि त्यानंतर मॅडमचं सगळं पुस्तकी मराठी एका क्षणात संपलं.

"अवं बाई, हे काय करून ठेवलं वं? आख्ख्या शाळेपुढं मी हे घालून नमस्कार करू? माह्या हाताखाली शिकलेले पोट्टे बसून राहतील तिथं समोर!"

बाकीच्या बायांनी आपापले ब्लाउज उलगडून पाहिले. खोलीत सतरा जणींनी एकदम श्वास आत घेतला तर कसा आवाज येतो, ते मला त्या दिवशी कळलं. एकट्या भोयर बाई आपला ब्लाउज उजेडाकडे धरून लटकन हलवून पाहत होत्या.

मी पुढे होऊन सांगणार होते, की मॅडम, तुम्हीच निवडलं, माझ्याकडे यादी आहे. तोंड उघडलंही होतं. पण आई पडद्यातून बाहेर आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "मॅडम, माही चूक झाली. वहीचं दुसरंच पान उघडलं माह्या हातून. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पाहून कापलं मी. रविवारच्या आत नीट करून देतो."

आईंकडे वही नाही. आईंकडे कधीच वही नव्हती.

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या दुकानातून ब्लाउज परत टाकून गेलं, आणि ती चूक त्यांनी स्वतःच्या नावावर लिहून घेतली. बाया काही न बोलता उठल्या. तेच जास्त वाईट होतं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. निदान आईंपुढे तरी मला खरं ठरायचं होतं. (माझा स्वभाव पाहा. बाई खोटं बोलून मला वाचवते आणि मी तिलाच पुरावा दाखवायला निघते.)

"हे पाहा आई, मी आता गोल गळ्यावर क्लिक करते."

क्लिक केलं. यादीत नोंद आली: डीप बॅक.

पुन्हा केलं. डीप बॅक. चौकोनी गळ्यावर केलं, गोल गळा आला. बोटनेकवर केलं, चौकोनी आला. डीप बॅकवर केलं तर काहीच आलं नाही. मी माउसला शिव्या दिल्या. खालची टेबलक्लॉथ बदलली. प्रशांतनं माझ्या लॅपटॉपवर क्रिकेट पाहिलं म्हणून व्हायरस आला असेल, असंही म्हणून झालं. मग मोबाइलवर साइट उघडली आणि गोल गळ्यावर बोट ठेवलं, तर नोंद आली गोल गळा. मोबाइलवर सुई नसते, तिथे बोटच असतं. म्हणजे भानगड सुईतच होती, पण काय ते कळेना.

आई मागे उभ्या राहून बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "टोक कुठं हाय?"

"गोल गळ्यावर."

"आन् नेढं?"

मी पाहिलं. सुई उंच होती. टोक गोल गळ्यावर होतं, आणि नेढं वरच्या ओळीत, डीप बॅकवर.

"मंग बराबरच तर हाय," आई म्हणाल्या. "तुही सुई नेढ्यानं शिवून राहिली."

मी धडा पुन्हा काढला. सगळं त्यात होतं. चित्राचा कर्सर केला की त्या चित्रातला खरा ठिपका कुठला, ते ब्राउझरला दोन आकड्यांत सांगायचं असतं: डावीकडून किती, वरून किती. नाही सांगितलं तर तो मुकाट्यानं वरचा डावा कोपरा धरतो. बाणाचं टोक त्याच कोपऱ्यात असतं, म्हणून बाण चुकत नाही. माझ्या सुईचं मात्र त्या कोपऱ्यात नेढं होतं. सुई लहान होती तोवर टोक आणि नेढं एकाच ओळीत राहत होतं, म्हणून माझी तपासणी बरोबर आली. मोठी केली आणि घात झाला. हे सगळं शिक्षकानं व्यवस्थित समजावून सांगितलं होतं. मी तो व्हिडिओ दुप्पट वेगानं पाहिला होता.

आईंनी मशीनवरची सुई काढून माझ्या तळहातावर ठेवली. "पाय. हातसुईचं नेढं वर असते, मशीनच्या सुईचं टोकाले असते. जिथं टोचते तिथंच धागा. तुह्या सुईले सांग, नेढं खाली आण म्हणावं."

कोर्सवाल्या शिक्षकाला बावीस धडे लागले. आईंना दोन वाक्यं लागली. मी ओळीत दोन आकडे घातले, टोकापाशी ठिपका आणला, गोल गळ्यावर क्लिक केलं आणि गोल गळा नोंदला गेला. मग मी टेबलावर डोकं ठेवून रडले. आई म्हणाल्या, "रडू नको वं, कपड्यावर डाग पडते," आणि डोक्याखालचं मोरपंखी कापड काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोह्यांची ताटली तशीच ठेवली. मी डाखोळे मॅडमना फोन लावला. "मॅडम, चूक आईंची नव्हती. माझी होती." आणि सुईपासून नेढ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"मला कालच कळलं होतं," मॅडम म्हणाल्या. "सुनंदाबाईकडे वही आहे कुठं? सव्वीस वर्षं झाली मी तिले माप देऊन राहिले. तिनं एक अक्षर लिहिलं नाही." मग पुन्हा मुख्याध्यापिकेच्या आवाजात, "आम्ही किती वाजता येऊ?"

"कशाला मॅडम?"

"उसवायला."

दुपारी बारा वाजता त्या आल्या. अठराच्या अठरा! प्रत्येकीच्या पिशवीत स्वतःची कात्री, बोटात घालायचा स्वतःचा अंगुस्ताना. मला कुठे माहीत होतं, यातल्या अर्ध्या जणींनी आयुष्यभर शाळेत शिवणकामाचे तास घेतले होते. पुढची खोली भरली, ओसरी भरली, दोघी जिन्यावर बसल्या. आईंनी उरलेल्या कापडाच्या पुरचुंड्या काढल्या. कातरणाची चिंधीसुद्धा त्या टाकत नाहीत, प्रत्येकीची वेगळी बांधून ठेवतात, म्हणून तर हे शक्य झालं. पाठीला कापडाचा जोड द्यायचा, आणि जोडाची शिलाई दिसू नये म्हणून वरून साडीच्या काठाची पट्टी लावायची, असं त्यांनी ठरवलं. बाया लटकन उसवत होत्या, डोरी काढत होत्या, आई मशीनवर, आणि कडेची हातानं घालायची तुरपाई पुन्हा बायांकडे.

काय दृश्य होतं ते. ज्या डाखोळे मॅडमपुढे आख्खी शाळा थरथरायची, त्यांना आई सांगत होत्या, "मॅडम, टाके मोठे होऊन राहिले. उसवा ते." आणि मॅडम उसवत होत्या. मी चहा देत होते, सुया ओवून देत होते, आणि मनातल्या मनात प्रत्येकीच्या पाया पडत होते. मी त्यांच्या पाठी उघड्या पाडल्या आणि त्या माझी इज्जत झाकायला भर दुपारी आल्या होत्या. कुणी मला एक शब्द बोललं नाही.

एक शब्द बोललं नाही हे पूर्ण खरं नाही. मॅडम बोलल्या. "इकडे ये. ती ओळ, जी तू चुकलीस, ती दहा वेळा लिहून आण."

"कॉम्प्युटरवर?"

"वहीत. स्वच्छ अक्षरात."

बत्तीस वर्षांची मी, बी.कॉम., जिन्यावर बसून शंभर पानी वहीत सीएसएसची ओळ दहा वेळा लिहिली. मॅडमनी पर्समधून लाल पेन काढून तपासली. "सातव्या ओळीच्या शेवटी हा अर्धविराम राहिला," त्या म्हणाल्या. आणि खरंच राहिला होता. कॉम्प्युटरचा गंध नसलेल्या बाईनं ती चूक तीन सेकंदांत पकडली. अर्धविराम राहिला तर पुढची ओळही बिघडते, हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "बिघडतेच. मराठीतही तसंच आहे."

संध्याकाळपर्यंत सतरा ब्लाउज झाले. अठरावा भोयर बाई मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"बाई, द्या ना तुमचा," मी म्हटलं.

"माझा राहू दे," त्या म्हणाल्या.

"भोयर!" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"मॅडम, हिशोब करा," भोयर बाई शांतपणे म्हणाल्या. "मी उंच, मागच्या रांगेत उभी राहते. आपण वळलो की प्रेक्षकांना तुमच्या सगळ्यांच्या पाठी दिसतील. माझ्या पाठीपुढं तुम्ही आडव्या येता. कुणाले दिसत नाही." मग जरा थांबून, खाली बघत म्हणाल्या, "लग्नानंतर एकदा असा शिवायचा होता. राहूनच गेला."

आई उठल्या, भोयर बाईंच्या मागे गेल्या, डोरी हातात घेतली आणि म्हणाल्या, "डोरी थोडी लहान करून देतो. मंग चांगला बसन."

रविवारी मी आणि आई मेळाव्याला गेलो, सगळ्यात मागच्या खुर्च्यांवर बसलो. गीत झालं. शेवटी अठरा बाई वळल्या आणि तसबिरीला नमस्कार केला. सतरा मोरपंखी पाठी, मधोमध काठाची पट्टी, एकसारखी, सरळ. आईंनी माझा हात दाबून धरला होता, तो नमस्कार संपेपर्यंत सोडला नाही. भोयर बाई मागच्या रांगेत कुठे होत्या ते मला दिसलंच नाही. पण उतरताना त्या पायऱ्यांवर जरा जास्तच सावकाश उतरल्या, एवढं मी पाहिलं.

परत येताना रिक्षात मी विचारलं. विचारल्याशिवाय मला झोप आली नसती. "आई, त्या दिवशी तुम्ही काहून घेतलं अंगावर? तुमचं एकतीस वर्षांचं नाव होतं."

"म्हणूनच तर," आई म्हणाल्या. "माह्या नावाले एक चूक पचते. तुहं तर अजून नावच नाही झालं. सुरुवातीलेच खराब झालं असतं तर तू पुन्हा त्या डब्ब्याले हात लावला असता का?"

एवढं बोलून आई रिक्षावाल्याला डावीकडून घ्यायला सांगू लागल्या. माझ्या माहेरच्यांनीही माझी एवढी काळजी घेतली नसेल, आणि हे मी त्यांना अजून तोंडानं सांगितलेलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे. आई हे वाचतील. चष्मा लावून, दोनदा.

तेव्हापासून साइट नीट चालते आहे, कोर्सचे बावीस धडे साध्या वेगानं पाहून झाले आहेत, आणि आईंच्या इच्छेप्रमाणे माझंही नाव झालं आहे. परवा बाजारात मी मेथी निवडत होते, तर मागे एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "ते पाय, सुनंदाबाईची सून. वेबसाइटवाली."

मी खूश होऊन वळणारच होते.

"हौ, माहीत हाय," दुसरी म्हणाली. "पण तिले पाठीचं वेगळं सांगा लागते."

मी वळले नाही. निदान माझी स्वतःची पाठ तरी पूर्ण झाकलेली आहे, ते त्यांना निवांत पाहू दिलं.